टोपीवर टोपी

नंदुरबारहून शहाद्याकडे निघालेली एखादी जुनी बोलेरो समोरून निवांत बघावी. बंपरपाशी लिंबू-मिरची लोंबत असते, आरशाला काळा गोंडा असतो आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर काळसर प्लॅस्टिकची वळवलेली पट्टी बसवलेली असते. तिघांचीही नेमणूक पहाऱ्यावर. लिंबू आणि गोंडा नजर अडवतात, पट्टी खडी अडवते. ॲक्सेसरीजच्या दुकानात तिला ‘बॉनेट गार्ड’ म्हणून मागायचं. तिचं कूळ शोधायला निघालं की पहिली गंमत हाती लागते ती अशी, की जिला ती झाकते ती वस्तू मुळात टोपीच आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये ‘बोने’ हे आधी एका कापडाचं नाव होतं. मग त्या कापडाच्या टोपीलाच ते चिकटलं. इंग्रजांनी त्याचं ‘बॉनेट’ केलं आणि मोटार आल्यावर इंजिनाच्या डोक्यावर चढवलं. अमेरिकेत त्याच झाकणाला ‘हूड’ म्हणतात. हूड म्हणजेही डोक्यावरून ओढायची कुंचीच. आपण दोन्ही शब्द इंग्रजांकडून घेतले, म्हणून आपल्याकडे बॉनेट पुढे राहिलं आणि हूड म्हणजे जीपवरची ताडपत्री झाली. अमेरिकन माणसाला नंदुरबारच्या स्टँडवर ‘हूड फाटलंय’ म्हणून सांगितलं तर तो इंजिन बघायला जाईल.

सुरुवातीला मोटारीला ही टोपी नव्हती. 1886 च्या बेंझच्या तीनचाकीचं इंजिन मागे, सीटखाली होतं. 1891 मध्ये फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर यांनी ते पुढच्या बाजूला आणून ठेवलं आणि त्याच्यावर पेटी बसवली. इंजिन पुढे आलं म्हणजे धूळ, चिखल, दगड सगळं आधी त्याच्याच अंगावर. पेटी आली ती इंजिन वाचवायला. पण पुढे पेटीचाच पत्रा रंगवून चकाचक झाला आणि वाचवण्याची पाळी त्याच्यावर आली.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपची समोरची काच पुढे पाडून बॉनेटवर निजवता येत असे. लोखंडी चौकट पत्र्यावर आपटून काच फुटू नये, पत्रा घासू नये म्हणून बॉनेटवर लाकडाचे दोन ठोकळे बसवलेले असत. माझ्या लेखी बॉनेट गार्डचा आद्य पुरुष तोच. कागदावर वंशावळ जुळणार नाही, पण स्वभाव जुळतो. युद्धकाळात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून अशा 6 लाखांहून अधिक जीपा काढल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलिसच्या परवान्यावर त्या आपल्याकडे जोडायला घेतल्या आणि पुढे त्याच घराण्यातल्या गाड्यांनी सातपुड्याचे रस्ते तुडवले.

प्लॅस्टिकची बाजू निराळी. 1933 मध्ये जर्मनीत ॲक्रिलिकची पारदर्शक काच बाजारात आली, युद्धात ती विमानांच्या झाकणांना लागली, आणि पुढे ती मोटारींच्या सजावटीत शिरली. अमेरिकेच्या लांब सपाट रस्त्यांवर तिच्यापासून केलेल्या बॉनेटच्या पट्टीचं काम किडे वर उडवण्याचं होतं. हवेचा झोत कडेवर चढावा आणि त्यासोबत किडे काचेच्या वरून निघून जावेत, ही त्यामागची कल्पना. ऑस्ट्रेलियात तीच पट्टी खडीच्या रस्त्यांसाठी विकली गेली. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाट चढताना गाडी तीसच्या पुढे जात नाही, तिथे किडे उडवण्याचा दावा कोणी करू नये. किडे काचेवरच बसतात. खडी मात्र पट्टीवर बसते, आणि पुढे उसाची ट्रॉली किंवा रेतीचा ट्रक असला तर ती भरपूर बसते.

ही पट्टी बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि म्हणूनच ते बिघडतं. आधी कड साबणाने धुवायची, वाळवायची, मेणाचा थर पुसून काढायचा, नाहीतर डबल टेप धरत नाही. एकदा टेप न लावता पट्टी ठेवून बघायची. बॉनेट उघडताना ती ग्रिलला घासत असेल तर तिथेच थांबायचं. पट्टी आणि पत्रा यांच्यात बोटभर नाही तरी पाणी वाहून जाईल एवढी फट हवी, आणि जिथे टेकते तिथे रबराचं बूच. क्लिपांची पट्टी असेल तर स्क्रू हाताने आवळायचे. ॲक्रिलिकला जास्त ताण दिला की भोकापासून बारीक भेग सुरू होते आणि उन्हाळ्यात ती वाढत जाते. नंदुरबारचा मे महिना या बाबतीत कोणालाच सोडत नाही. टेप लावल्यावर एक दिवस गाडी धुवायची नाही. हे ऐकणारा गिऱ्हाईक मी अजून बघितलेला नाही.

खरा शत्रू बाहेर नसतो, पट्टीच्या मागे बसतो. मिरचीच्या हंगामात ती वाळत घातलेल्या पथारीवरून उडालेली धूळ असो की घाटातली लाल माती, ती फटीत जाऊन बसते. गाडी थरथरते, पट्टी थरथरते, मधली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. वर्षभराने पट्टी काढली की तिच्याखाली रंग उडालेली अर्धचंद्राकृती रेघ दिसते. म्हणून महिन्यातून एकदा पाण्याची धार मागून मारायची आणि पावसाळा संपला की पट्टी उतरवून पत्रा पुसून मेण लावायचं. पट्टी पुसायला थिनर किंवा पेट्रोलचा बोळा कधीच घ्यायचा नाही. त्याने ती पांढरट होते आणि तडकते.

याच दुकानात मिळणारा लोखंडी क्रॅश गार्ड हा तिचा थोरला भाऊ समजला जातो. तो तसा नाही. प्लॅस्टिकची पट्टी पत्र्याचा ओरखडा वाचवते. लोखंडी दांडा समोरच्याला जास्त जोरात लागतो आणि धडक शोषणाऱ्या भागांचं काम मोडतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे परवानगीविना बसवलेले गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं उल्लंघन ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं. युरोपात 2003 पासून पादचाऱ्यांसाठी नियम आले. आपटलेल्या माणसाचं डोकं बहुधा बॉनेटवरच येतं, म्हणून पत्र्याने खाली दबावं आणि इंजिनाच्या कठीण भागापर्यंत डोकं पोहोचू नये, अशी रचना करावी लागली. काही गाड्यांचं बॉनेट तर धडकेच्या क्षणी स्वतःहून मागून उचललं जातं. ज्या टोपीने इंजिनाचं डोकं झाकलं, तिने आता परक्याचंही सांभाळावं, असं ठरलं.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला पूर्वी धडगावच्या वाटेवर जीपा भरून जात. आत, टपावर, मागच्या पायरीवर जागा संपली की एखादा पोरगा बॉनेटवर चढून बसायचा. ड्रायव्हर त्याला उतरवायचा नाही. ‘बस, पण पट्टीवर पाय देऊ नको,’ एवढंच सांगून गिअर टाकायचा.