इसार, हंगाम आणि साथ

वाईकर माणसाला वर्षाचे महिने पंचांगावरून जितके कळतात, तितकेच ते यात्रांवरून कळतात. पौषी पौर्णिमेला मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा भरते. पुढे माघ-फाल्गुनात गावातल्या घाटांवर आळीआळीने कृष्णाबाईच्या उत्सवाचे मांडव पडतात. रंगपंचमीला बावधनचे बगाड निघते. आणि मग गुढीपाडव्यापासून अक्षय्यतृतीया उलटेपर्यंत तालुक्यातील गावे आपापल्या भैरवनाथाच्या, आपापल्या देवीच्या यात्रेत अशी गुंतून जातात की, एका गावचे जेवण आटोपून दुसऱ्या गावच्या छबिन्याला वेळेवर पोहोचणे हे पाहुण्याला एक व्रतच होऊन बसते. या साऱ्या काळाला आमच्याकडे हंगाम म्हणतात. पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरास गेले की त्याचाच सीझन होतो, आणि खाली भुईंजच्या साखर कारखान्याच्या फडात तोच शब्द ऊसतोडीला लागतो. शब्द तीन ठिकाणी वापरला जातो, पण त्याचे मर्म एकच आहे : हंगामाचा पैसा आधी फिरतो आणि हंगाम मागाहून येतो.

हा आधी फिरणारा पैसा म्हणजे इसार. यात्रा ही देवाची खरी. परंतु ती उभी राहते ती माणसांच्या करारमदारांवर. घरटी वर्गणीची पट्टी बसते, मानकऱ्यांची बैठक होते, यात्रा कमिटी नेमली जाते आणि देवाच्या तारखेच्या कितीतरी आधी रक्कम हातोहात जाऊ लागते. आकाशपाळणेवाला आपल्या पाळण्याची जागा आगाऊ पैसे देऊन पक्की करतो. मांडववाला, बँडवाला, वीजवाला आपापला इसार घेतात. आणि सर्वांत मोठी रक्कम जाते ती तमाशाच्या सुपारीला. ढोलकीफडाच्या तमाशाचे खेळ दोन तऱ्हांनी होतात. एक, तंबू ठोकून तिकिटे लावून. आणि दुसरी, एखाद्या गावाने ठरावीक रकमेत संपूर्ण रात्र विकत घेऊन. या दुसऱ्या तऱ्हेला सुपारी म्हणतात, आणि सुपारी पक्की झाली असे तेव्हाच मानतात जेव्हा इसाराचे पैसे मोजले जातात व फडमालकाच्या डायरीत त्या तारखेपुढे गावाचे नाव चढते. त्या नावानंतर दुसऱ्या गावाने दुप्पट बिदागी देऊ केली तरी ती तारीख हलत नाही. रोकड थोडी असते, पण शब्दाला तिनेच वजन येते.

सातारा-सांगलीच्या मुलखात या व्यवहाराला विशेष अर्थ आहे, कारण या मातीने तमाशाला माणसे दिली. पठ्ठे बापूराव कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्षचे. काळू-बाळूंचा फड सांगलीजवळच्या कवलापूरचा. आणि लोकनाट्याला मुंबईच्या रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देणारे शाहीर साबळे तर वाईच्या वेशीवरच्या पसरणीचे, १९२३ साली जन्मलेले. फडांची पेठ मात्र जुन्नर तालुक्यातील नारायणगावास भरते. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या ओळीने लागतात, दारावर फडमालकाच्या नावाचा फलक असतो, आत सतरंजीवर डायरी उघडून व्यवस्थापक बसलेला असतो, आणि गावोगावचे पुढारी एका राहुटीतून दुसरीत जात, नाचणाऱ्या किती, वग कोणता, गाड्या किती, अशी विचारपूस करीत, अखेर एके ठिकाणी बसतात. चहा होतो, घासाघीस होते, इसार मोजला जातो, आणि गावकरी पावती खिशात घालून गावाकडे वळतात.

परंतु हा इसार फडमालकाच्या पेटीत राहत नाही, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढील इतिहास समजणार नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वीच मालकाने कलावंतांना, वादकांना, बिगाऱ्यांना उचल दिलेली असते. ऊसतोड मजुराला मुकादमाकडून मिळते तशीच ही उचल. तीवर कलावंताच्या घरची पावसाळ्याची चूल पेटते, मुलाची फी भरली जाते, लग्नाचे देणे फिटते. ती उचल देण्यासाठी मालकाने सावकाराकडून कर्ज काढलेले असते, आणि ते कर्ज चैत्र-वैशाखातील यात्रांच्या भरवशावर काढलेले असते. म्हणजे गावाने दिलेला इसार हा गावाच्या लेखी आगाऊ दिलेली रक्कम असला, तरी फडाच्या लेखी तो कधीच खर्ची पडलेला पैसा असतो. नेमक्या त्या महिन्यांत सरकारी हुकुमाने यात्राच बंद झाली, तर हा इसार कोणी कोणाला परत करावयाचा?

प्रश्न नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, लागण उघडकीस आली, आणि पुढील फेब्रुवारीत, १८९७ साली, सरकारने साथरोगांचा कायदा घाईने संमत करून अंमलदारांना अपरिमित अधिकार दिले. प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, सेग्रिगेशनच्या छावण्या आणि यात्रा-जत्रांवरील निर्बंध, हे सर्व त्या कायद्याच्या छत्राखाली झाले. पुण्याच्या प्लेग कमिटीवर नेमलेला रँड हा वाईला अपरिचित नव्हता; साताऱ्यास असिस्टंट कलेक्टर असताना, १८९४ साली, वाईच्या वाद्यप्रकरणात प्रतिष्ठित नागरिकांना कैदेची शिक्षा देणारा अंमलदार तोच. मिरवणुकीतले वाद्य थांबविणारा हात पुढे साथीच्या निमित्ताने माणसांच्या माजघरापर्यंत पोहोचला, अशीच त्या पिढीची भावना झाली असल्यास नवल नाही. प्लेगच्या सालांत गावेच्या गावे घरांना कुलुपे लावून माळावरच्या झोपड्यांत राहावयास जात. जेथे गावच गावात नाही, तेथे यात्रा कोठली आणि मांडव कोठला?

कायद्याने मात्र या प्रश्नाचा विचार त्याही पूर्वी करून ठेवला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५६ सांगते की, करार केल्यानंतर ती गोष्ट करणे अशक्य किंवा बेकायदेशीर झाले तर तो करार शून्य होतो. आणि कलम ६५ सांगते की, शून्य झालेल्या करारापोटी ज्याने काही लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा अथवा त्याची भरपाई द्यावी. या कलमांखाली दिलेली उदाहरणे पाहिली म्हणजे वाटते की, कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादी नाटक मंडळीच उभी असावी. एका उदाहरणात एका नटाने सहा महिने काम करण्याबद्दल आगाऊ पैसे घेतले आहेत, आणि ज्या ज्या वेळी तो आजारी पडला त्या त्या वेळेपुरता करार शून्य ठरतो. दुसऱ्यात एका गायकाने मैफलीसाठी १००० रुपये आगाऊ घेतले, तो आजारी पडून गाऊ शकला नाही. त्याच्यावर बोलावणाऱ्याच्या बुडालेल्या नफ्याची जबाबदारी नाही, परंतु ते १००० रुपये त्याने परत केलेच पाहिजेत.

खुद्द इंग्लंडात हे तत्त्व इतके सरळ नव्हते. २६ जून १९०२ ला ठरलेला सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक राजाच्या आजारपणामुळे ऐन वेळी पुढे ढकलला गेला, आणि मिरवणूक पाहण्यासाठी रस्त्यालगतच्या खोल्या भाड्याने घेणाऱ्यांचे तंटे न्यायालयात गेले. १९०४ च्या एका निकालात, १४१ पौंडांपैकी १०० पौंड आधी भरणाऱ्या माणसाला ते परत तर मिळाले नाहीतच, उलट उर्वरित रक्कमही भरावी लागली. जेथे नुकसान होईल तेथेच ते राहू द्यावे, हा त्या निकालाचा न्याय. तो बदलण्यास १९४२ साल उजाडावे लागले, आणि पुढच्या वर्षी तेथील पार्लमेंटने स्वतंत्र कायदा केला. आमच्या गावच्या यात्रा कमिटीला लंडनच्या भाडेकरूला १९०४ मध्ये न मिळालेला हक्क १८७२ पासून होता; फक्त तो बजावण्यासाठी कोणी मुनसफाच्या दारात फारसे जात नसे, कारण ज्याच्याकडून पैसे मागावयाचे तोच पुढच्या साली फड घेऊन यावयाचा होता.

मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीबरोबर, इतिहासाचे चक्र पुन्हा त्याच जागी आले. १३ तारखेस महाराष्ट्र शासनाने तोच १८९७ चा कायदा, एकशे तेवीस वर्षांनी, अमलात आणला. २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. आणि २५ मार्च हा गुढीपाडव्याचा दिवस होता. नारायणगावच्या राहुट्यांना ज्या दिवसांची वर्षभर वाट, नेमका त्याच दिवसांवर कुलूप पडले. देवळे त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, उघडली. पण जानेवारी २०२१ ची मांढरदेवची यात्रा भरली नाही. आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याच्या, म्हणजे १३ एप्रिलच्या, संध्याकाळी पुन्हा राज्यव्यापी निर्बंधांची घोषणा झाली. एकामागून एक दोन पाडवे गेले. इसार दिलेली गावे, उचल घेतलेले कलावंत, कर्ज काढलेले मालक आणि व्याज मोजणारे सावकार, या साखळीतील प्रत्येक कडी दुसरीकडे पाहत राहिली. २०२१ मध्ये शासनाने गरजू कलावंतांना प्रत्येकी ५००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. मदत म्हणून ती स्वागतार्हच होती, परंतु बुडालेल्या दोन हंगामांपुढे तिचे माप किती, हे तिच्यावर दिवस काढणाऱ्यांनाच ठाऊक.

हाच पेच साता समुद्रापलीकडे निराळ्या वेषात उभा होता. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १४ मार्च २०२० ला बंद झाले ते ३० एप्रिल २०२१ ला उघडले. तेथे ज्यांनी वर्षभराचे पास आगाऊ पैसे भरून घेतले होते, त्यांना मुदतवाढ द्यावी की पैसे परत करावेत, हा प्रश्न महिनोन्‌महिने चालला, आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने ती पासांची योजनाच मोडून उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात रक्कम परत करण्याचे जाहीर केले. पास घेणारा वर्षभराचा आनंद आगाऊ घेतो, आपले गाव एका रात्रीचा घेते. दोघांचाही पैसा आधी गेलेला असतो. परंतु अशा कंपनीपाशी परतफेडीस लागणारे भांडवल असते. फडमालकापाशी ते नसते. म्हणून जो न्याय तेथे केवळ हिशेबाने सुटला, तो येथे हिशेबाने सुटण्याजोगा नव्हता.

आणि जेथे पैसाच नाही अशाही एका आगाऊ देण्याची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बावधनचे बगाड म्हणजे दगडी चाकांचा, जुन्या लाकडाचा अवजड गाडा. त्यावर उंच शीड, आणि त्या शिडाला टांगून घेणारा बगाड्या. ज्यांचा नवस पुरा झाला, त्यांतून होळी पौर्णिमेच्या रात्री काशिनाथ-भैरवनाथाच्या देवळात कौल लावून त्याची निवड होते, आणि रंगपंचमीला कृष्णातीरीच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत, ढेकळांच्या शेतांतून, बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपून तो गाडा ओढला जातो. २ एप्रिल २०२१ रोजी, मनाई असतानाही, बगाड निघाले, गर्दी लोटली आणि पोलिसांनी गुन्हे नोंदविले. साथीच्या ऐन भरात झालेल्या त्या गर्दीचे समर्थन मी करणार नाही. ज्या घरांतून त्या वसंतात माणसे गेली त्या घरांपुढे तसे समर्थन उभे राहू शकत नाही. परंतु तिच्यामागची भावना समजून घेतली पाहिजे. नवस हाही एक करारच. फरक इतकाच की त्यात देवाने आपला भाग आधी पुरा केलेला असतो, आणि माणसाकडे राहिलेले देणे परत करण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसत नाही.

वाईजवळच्या एका गावातील यात्रा कमिटीची वही मला पाहावयास मिळाली होती. लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली, डाव्या पानावर जमा व उजव्या पानावर खर्च. २०२० च्या पानावर वर्गणीची नावे ओळीने होती, मांडवाचा इसार होता, तमाशाचा इसार होता, आणि त्याखाली यात्रेच्या खर्चाची एकही ओळ नव्हती. इसाराच्या रकमेसमोर निराळ्या शाईने दोनच शब्द लिहिले होते : ‘पुढील सालास’. मी खजिनदारांना विचारले, ‘नाना, पैसे मागितले नाहीत का?’ ते म्हणाले, ‘मागितले असते तर त्यांनी कुठूनतरी उसने आणून दिले असते. मग पुढच्या वर्षी आमच्या गावाला कुठल्या तोंडाने बोलवायचं?’

मला वाटते, शंभर-सव्वाशे वर्षांच्या या प्रश्नाचे सार त्या उत्तरात आहे. परतीचा हक्क कायद्याने दिला आहे आणि तो असलाच पाहिजे. नाहीतर गरीब गावाची वर्गणी कोणीही गिळंकृत करील. परंतु हक्क असूनही तो कोणावर, केव्हा बजावावयाचा, याचा विवेक रीतीने शिकविला आहे, आणि तो विवेक केवळ एखाद्या सज्जन खजिनदाराच्या अंगी असून भागणार नाही. इसाराच्या पावतीवर तारीख, रक्कम व सह्या असतात, तशी एक ओळ साथीबद्दलही असावी : सरकारी हुकुमाने यात्रा न भरल्यास इसाराचा अमुक भाग पुढील सालास वळता होईल, आणि कलावंतांच्या उचलीत गेलेला भाग मागितला जाणार नाही. साथीत कलावंतांना तातडीने हात देणारा कायमचा निधी शासनाने बांधावा, म्हणजे साखळीतील सर्वांत दुबळ्या कडीवर सारा ताण येणार नाही. नट आजारी पडेल हे १८७२ च्या कायदेपंडितांनी ओळखले होते. सारे गाव एकदम आजारी पडते, हे दोनदा भोगलेल्या आपण तरी आता लिहून ठेवावे.

१ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्रातील निर्बंध उठले, आणि दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता. त्या सालच्या पानावर वर्गणीच्या नावांच्याही आधी, अगदी पहिल्या ओळीत, खजिनदारांनी लिहिले आहे : ‘मागील इसार जमा’.