गुंगीचीं द्रव्यें आणि सरकारी पंच

गेवराई तालुक्यांतील तलवाडा हें गांव त्वरितादेवीच्या देवळामुळें आसपासच्या मुलखांत सर्वांस ठाऊक आहे. देवीच्या दर्शनास येणाऱ्या बैराग्यांची चिलीम आणि तिच्याविषयीं वडीलधाऱ्या मंडळींचा वाद ह्या माझ्या बालपणच्या आठवणी आहेत. एक म्हणे, गांज्यानें माणूस वेडा होतो. दुसरा म्हणे, ज्याचें डोकें आधींच फिरलें आहे तोच गांज्याकडे वळतो. खरें कोणाचें, हें ठरविण्याचें साधन गांवाजवळ नव्हतें. पुढें इतिहासाचा अभ्यास करूं लागल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, हाच वाद एकदां फार मोठ्या दरबारीं गेला होता आणि त्याचा निवाडा सात पंचांनीं दिला होता.

तो जुना निवाडा आज पुन्हां वाचण्यास कारण घडलें आहे. मनाचें रूप कांहीं घटका पालटून टाकणारीं द्रव्यें औषध म्हणून वापरतां येतील काय, ह्याचा विचार अलीकडे पाश्चात्य देशांत नेटानें चालू आहे. एका जातीच्या भुईछत्रांत सांपडणारें सायलोसायबिन खोल विषण्णतेवर आणि एम्. डी. एम्. ए. हें द्रव्य जुन्या आघातांच्या आठवणींनीं जर्जर झालेल्या रोग्यांवर गुणकारी ठरेल, अशी कित्येक वैद्यांना आशा वाटते. अमेरिकेंतील ऑरेगन राज्याच्या मतदारांनीं २०२० सालीं सायलोसायबिनाला नियंत्रित वाट मोकळी करून दिली, आणि नियम सुचविण्यासाठीं तेथें एक सल्लागार मंडळ नेमण्यांत आलें. ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना हीं दोन्ही औषधें ठराविक व्याधींपुरतीं देण्याची परवानगी दिली. परंतु मंडळ बसविलें म्हणजे रोगी सुरक्षित झाला, असें समजणें भाबडेपणाचें होईल. मंडळाच्या हातून हित कशानें होतें व घात कशानें होतो, हें पाहण्यास दूर जावयास नको; आमच्या मुलखाच्या इतिहासांतच त्याचीं दोन उदाहरणें आहेत.

पहिलें उदाहरण निजामाच्या राज्यांतील आहे. तलवाडा हें १९४८ पर्यंत त्याच राज्यांतील एक खेडें होतें. १८४७ सालीं एडिंबरोच्या सिंप्सननें क्लोरोफॉर्मची भूल प्रचारांत आणली आणि शस्त्रक्रियेचें भय पुष्कळच ओसरलें. पण तीन महिने होतात न होतात तोंच, जानेवारी १८४८ मध्यें, हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या बोटाचें नख काढवून घेण्यास बसली, ती पुन्हां उठली नाहीं. असे मृत्यु पुढेंहि घडत राहिले. भुलेंत मनुष्य मरतो तो श्वास थांबून, कीं हृदय थांबून? एडिंबरोच्या पठडींतील वैद्य म्हणत, श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडी पाहत बसूं नका. लंडनचे अनेक वैद्य मात्र नाडीवरचें बोट काढावयास तयार नव्हते.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साईम ह्यांचे शिष्य. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या आश्रयानें १८८८ सालीं त्यांनीं पहिलें क्लोरोफॉर्म कमिशन बसविलें. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निकाल गुरूच्या मताप्रमाणें निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रानें त्याविषयीं शंका घेतली. तेव्हां निजामानें एक हजार पौंड देऊन त्या पत्राचा प्रतिनिधि हैदराबादेस येईल अशी व्यवस्था केली. १८८९ सालीं लॉडर ब्रंटन आले. हे गृहस्थ पूर्वीं हृदयाला असलेला धोका मानणारे होते, पण चारशेंहून अधिक प्राण्यांवरील प्रयोगांनंतर तेहि लॉरींच्या बाजूस वळले. ह्या दुसऱ्या कमिशनवर डॉ. रुस्तमजी हकीम हे बसले होते. आणि त्याच शहराच्या वैद्यक शाळेंत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी ह्या पुढें भूल देण्याच्या विद्येंत नांवाजल्या. एका देशी संस्थानानें जगाच्या वैद्यकास असा हातभार लावावा, ह्याचा आम्हां मराठवाड्यांतील लोकांना अभिमान वाटला तर तो अस्थानीं नव्हे.

निकाल मात्र अपुरा होता. श्वासाकडे लक्ष द्या, हा त्यांतला उपदेश हिताचा होता. नाडीची फिकीर करूं नका, हा उपदेश प्राणघातक होता. १८९३ सालीं केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर ह्यांच्या प्रयोगांनीं दाखविलें कीं, क्लोरोफॉर्म हृदयालाहि सरळ दुर्बळ करतें. १९११ सालीं गुडमन लेव्ही ह्यांनीं मांजरांवर प्रयोग करून सिद्ध केलें कीं, भूल हलकी असतांनाहि हृदयाचे स्नायु एकाएकीं थरथरूं लागून रक्ताभिसरण बंद पडूं शकतें. हैदराबादच्या कमिशनमध्यें लबाडी नव्हती, कष्टांची कसूरहि नव्हती. दोष असा होता कीं, ज्याचें मत तपासावयाचें तोच तपासणीचा सूत्रधार झाला होता. त्यामुळें प्राण्यांत जें संकट आढळलें नाहीं तें माणसांतहि नाहीं, असें धरून चालण्यांत आलें. आणि प्रत्यक्ष दगावलेल्या रोग्यांच्या हकीकती भूल देणाऱ्याच्या निष्काळजीपणाचें फळ म्हणून बाजूस सारल्या गेल्या.

दुसरें उदाहरण त्यानंतर चारच वर्षांनीं घडलें, आणि तें आमच्या गांवच्या वादाचेंच आहे. हिंदुस्थानांतील वेड्यांचीं इस्पितळें गांजा ओढणाऱ्यांनीं भरलीं आहेत, अशी विलायतेंत पुष्कळांची समजूत होती. मार्च १८९३ मध्यें पार्लमेंटांत प्रश्न निघाला, आणि जुलै महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखालीं सात सभासदांचें कमिशन नेमलें. त्यांत तीन हिंदी गृहस्थ होते. प्रांतोप्रांतीं चौकशी करून त्यानें ११९३ साक्षीदारांचें म्हणणें नोंदविलें. तलवाड्याच्या पश्चिमेस असलेला नगर जिल्हा तेव्हां इंग्रजी मुलूख होता व तेथें गांज्याची लागवड होत असे. तेव्हां हा प्रश्न आमच्या शिवेवरचाच म्हणावयाचा.

कमिशनचें खरें काम वेड्यांच्या इस्पितळांत झालें. १८९२ सालीं दाखल झालेल्या रोग्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण गांजा-भांगेसारखीं द्रव्यें असें कागदोपत्रीं नमूद होतें. हें कारण लिहिलें कोणीं आणि कशावरून, असा साधा प्रश्न कमिशननें विचारला व एकेक कागद मुळापर्यंत नेला. पुष्कळदां असें आढळलें कीं, रस्त्यांत सांपडलेल्या वेड्याला पोलीस मॅजिस्ट्रेटाकडे नेत. छापील तक्त्यांत कारणाचा एक रकाना असे. तो मोकळा सोडणें बरें दिसत नसे. मग कोणीतरी तेथें ‘गांजा’ असें लिही आणि इस्पितळांतला कारकून तेंच उतरून घेई. अशा नकलांची दरवर्षीं बेरीज होई आणि तिला आंकडेशास्त्राची प्रतिष्ठा मिळे. रोग्यांची पुन्हां स्वतंत्र चौकशी केल्यावर ह्या द्रव्यांचा संबंध पटण्याजोगे ९८ च रोगी उरले. त्यांतहि दुसरें कांहींच कारण पुढें न आलेले असे ६१ होते.

ऑगस्ट १८९४ मध्यें अहवाल सादर झाला. माफक सेवनानें बहुधा अपाय होत नाहीं, अति सेवनानें होतो. सबब सर्वस्वी बंदी न घालतां परवाने, कर व देखरेख ह्यांनीं वापर आवरावा, असा बहुमताचा सल्ला होता. हा सल्ला सरकारच्या अबकारी उत्पन्नाला सोईचा होता, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु सोईचा निष्कर्ष काढतांनाहि त्याचा सगळा पुरावा लोकांपुढें मांडण्यांत आला, आणि राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद ह्या दोन सभासदांचें विरुद्ध मत दडपून न ठेवतां अहवालाबरोबरच छापण्यांत आलें. त्यामुळें आज सव्वाशें वर्षांनंतरहि आपणांस तो निवाडा पुन्हां तपासतां येतो. हैदराबादच्या कमिशनला अशा मतभेदाचा लाभ मिळाला नाहीं.

ह्या दोन उदाहरणांच्या उजेडांत अमेरिकेंतील एक ताजी हकीकत पाहावी. जून २०२४ मध्यें तेथील औषध खात्याच्या सल्लागार समितीपुढें एम्. डी. एम्. ए. चा अर्ज आला. खरें औषध कोणाला मिळालें व पोकळ गोळी कोणाला, हें अशा द्रव्याच्या परिणामावरूनच कळून जातें. त्यामुळें मनांतल्या अपेक्षा आंकड्यांत मिसळतात, असा एक मोठा आक्षेप होता. उघड सुनावणींत प्रयोगांतील गैरवर्तनाच्या तक्रारीहि मांडल्या गेल्या. औषधाचा गुण सिद्ध झाला नाहीं असें ९ विरुद्ध २, आणि लाभ धोक्याहून अधिक असल्याचें दिसलें नाहीं असें १० विरुद्ध १ मतांनीं ठरलें. ऑगस्टमध्यें खात्यानें परवानगी नाकारली. ह्या नकारानें कित्येक पीडितांची आशा मावळली, आणि तें दुःख हलकें लेखण्याजोगें नाहीं. परंतु आंकडा कोठून आला हें विचारणें आणि तक्रार करणाऱ्याला समोर बसवून ऐकणें, हीं दोन्ही कामें त्या समितीपुढें घडलीं.

आमच्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें सायलोसायबिन नियंत्रित द्रव्यांच्या यादींत आहे. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणें केंद्र सरकारला एक अध्यक्ष व वीसपर्यंत सभासद अशी सल्लागार समिति नेमतां येते. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें तर पुनर्विलोकन मंडळांवर न्यायाधीश व डॉक्टर ह्यांच्या जोडीला रोगी, त्यांची शुश्रूषा करणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधि बसविण्याची तरतूद केली आहे. १८८८ सालीं कोणाच्या स्वप्नांतहि आली नसती अशी ही सुधारणा आहे. हीं नवीं औषधें उद्यां आमच्या दारीं आलीं, तर त्यांविषयीं सल्ला देणाऱ्या मंडळांतहि अशा माणसांना जागा असली पाहिजे, आणि ज्यांचें द्रव्य वा कीर्ति त्या औषधांत गुंतली आहे त्यांनीं तेथें साक्षीदार म्हणून यावें, पंच म्हणून बसूं नये.

तलवाड्यासारख्या गांवांतील एखादा रोगी उद्यां असें औषध घेईल, तेव्हां त्याची शुद्ध कांहीं घटका दुसऱ्याच्या हवालीं असेल. आपल्यासंबंधीं कोणत्या रकान्यांत काय लिहिलें जात आहे, हें त्याला कळणारहि नाहीं. तें त्याच्या वतीनें पाहणें हेंच पंचांचें काम. आणि जेथें निश्चित ठाऊक नाहीं, तेथें रकाना मोकळा ठेवण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं असलें पाहिजे.