विरोधी साक्ष न घेतलेला संत

आमच्या धर्मग्रामांतील सणावाराला किंवा युवकांच्या मेळाव्याला गेले की एक चेहरा कुठे ना कुठे दृष्टीस पडतोच. तारा लावलेली गोल टोपी, मानेवर आलेले केस, विरळ दाढी आणि दूर क्षितिजापलीकडे लागलेली नजर. टी-शर्टावर, मोटरसायकलच्या टाकीवर, कधी भिंतीवर. हा कोण, असे विचारावे तर नाव बहुतेकांना ठाऊक असते: चे गव्हेरा. त्याने काय केले, असे पुढे विचारावे तर उत्तर मिळते, "गरिबांसाठी लढला आणि मेला."

हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे कोणी विचारीत नाही, ही आमच्या चिंतेची बाब आहे.

कॅथोलिक ख्रिस्तसभेत एखाद्या व्यक्तीला संतपद देण्यापूर्वी तिच्याविरुद्धची साक्ष ऐकून घेण्याची जुनी रीत आहे. १५८७ साली पोप पाचवे सिक्स्टस यांच्या कारकिर्दीत या कामासाठी एक पद निर्माण झाले. लोकांनी त्याला गमतीने 'सैतानाचा वकील' असे नाव दिले. उमेदवाराच्या जीवनातील उणिवा, संशयास्पद गोष्टी, चमत्कारांविषयीच्या शंका पुढे मांडणे हे त्याचे कर्तव्य. १९८३ साली ही पद्धत पुष्कळ सौम्य झाली, तरी विरोधी साक्ष घेण्याचे तत्त्व टिकून राहिले. मदर तेरेसा यांच्या वेळी त्यांचे कडवे टीकाकार, नास्तिक पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स यांची साक्ष नोंदविण्यात आली होती.

विसाव्या शतकातील लोकप्रिय संस्कृतीने मात्र आपले संत स्वतःच घोषित केले, आणि तेही एका छायाचित्राच्या बळावर. त्या छायाचित्राची हकिगत सांगण्याजोगी आहे.

४ मार्च १९६० रोजी हवाना बंदरात 'ला कूब्र' नावाच्या दारूगोळा वाहणाऱ्या फ्रेंच जहाजाचा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवशी शोकसभा भरली. 'रेव्होलुसियोन' या वृत्तपत्राचे छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा व्यासपीठासमोर उभे होते. गव्हेरा क्षणभर पुढे आला, तेव्हा त्यांनी त्याची दोन छायाचित्रे टिपली. वृत्तपत्राने ती छापली नाहीत. कोर्दांनी बाजूचा माणूस आणि ताडाची पाने कापून उरलेला चेहरा आपल्या कार्यशाळेच्या भिंतीवर लावला व तो तेथे सात वर्षे राहिला. १९६७ साली मिलानचे प्रकाशक फेल्त्रिनेल्ली यांनी त्याच्या प्रती नेल्या. त्याच वर्षी गव्हेरा मारला गेला आणि त्या प्रतींची भित्तिपत्रे युरोपभर पसरली. १९६८ साली जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने लाल-काळ्या रंगांत त्याचे रेखाटन केले. आज आपल्या तरुणांच्या छातीवर दिसतो तो बहुधा हाच चेहरा. कोर्दांना त्यापासून मानधन मिळाले नाही व त्यांनी ते मागितलेही नाही. मात्र एका व्होडका कंपनीच्या जाहिरातीत तो चेहरा झळकला, तेव्हा २००० साली त्यांनी दावा लावला आणि मिळालेली रक्कम क्यूबातील मुलांच्या औषधांसाठी दिली. भांडवलशाहीविरुद्ध लढलेल्या माणसाचा चेहरा दारू विकण्याच्या कामी यावा, याहून मोठा उपरोध कोणता?

न्यायाने वागायचे तर आधी त्याच्या बाजूची साक्ष नोंदवू. अर्नेस्टो गव्हेराचा जन्म १९२८ साली अर्जेंटिनातील रोसारियो येथे झाला. बालपणापासून दम्याने पछाडलेला हा मुलगा पुढे डॉक्टर झाला. १९५२ साली आल्बेर्तो ग्रानादो या मित्रासह दक्षिण अमेरिका पालथी घालताना पेरूमधील सान पाब्लो येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्याने काही दिवस काढले. खाणकामगारांचे आणि आदिवासींचे हाल त्याने डोळ्यांनी पाहिले. १९५४ साली ग्वाटेमालात जमीनसुधारणा करणारे लोकनियुक्त सरकार अमेरिकेच्या पाठबळाने उलथविले गेले, तेव्हा तो तेथेच होता. १९५६ साली फिडेल कास्त्रोसह ८२ जण 'ग्रान्मा' नावाच्या छोट्या नौकेतून क्यूबाला निघाले, त्यांत तो होता. १ जानेवारी १९५९ रोजी हुकूमशहा बातिस्ता पळाला. त्यानंतर मंत्रिपदावर असतानाही गव्हेरा साधेपणाने राहिला आणि सुट्टीच्या दिवशी मजुरांबरोबर ऊस तोडायला गेला. १९५९ साली तो भारतातही आला होता आणि पंडित नेहरूंना भेटला होता. अरुण साधू यांच्या 'फिडेल, चे आणि क्रांती' या पुस्तकाने मराठी वाचकांच्या एका पिढीला त्याची ओळख करून दिली. या माणसाच्या अंगी धैर्य होते, त्याग होता, लोभ नव्हता. हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

आता दुसरी साक्ष. क्रांतीनंतर पहिले काही महिने गव्हेरा हवानातील ला काबान्या किल्ल्याचा प्रमुख होता. तेथे क्रांतिकारी न्यायालये भरत, शिक्षा झालेल्यांची अपिले त्याच्यापुढे येत, आणि किल्ल्याच्या आवारातच गोळ्या घातल्या जात. त्या कैद्यांपैकी कित्येक जण बातिस्ताच्या राजवटीत लोकांचा छळ केलेले होते, हे खरे. परंतु खटले घाईघाईने उरकले जात आणि अपील क्वचितच मान्य होई. जवळच्या धर्मग्रामाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर हाविएर आर्सुआगा त्या कैद्यांचे अखेरचे पापनिवेदन ऐकत, त्यांच्याबरोबर शेवटची पावले चालत. काहींच्या प्राणांसाठी त्यांनी गव्हेराकडे रदबदलीही केली. आपण स्वतः ५५ जणांना मृत्यूच्या दारापर्यंत सोबत केली, असे त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी सांगितले. एकूण आकड्याविषयी अभ्यासकांत वाद आहे. पण भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी आकडा नसतो, तो एकटाच असतो. हे त्याच्या हाती क्रूस देणाऱ्या धर्मगुरूला ठाऊक होते.

गव्हेराने यांतले काही लपविले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५७ साली सिएरा माएस्त्राच्या डोंगरात युतिमियो गेर्रा नावाच्या फितूर शेतकऱ्याला आपण स्वतः गोळी घातली, हे त्याने आपल्या दैनंदिनीत नोंदविले. ११ डिसेंबर १९६४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, आम्ही मृत्युदंड दिले आहेत आणि गरज असेतो देत राहू, असे त्याने उघड सांगितले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या संदेशात त्याने द्वेषाला लढ्याचे एक आवश्यक अंग ठरविले. स्वतः लपविले नाही ते त्याच्या चाहत्यांनी लपविले. २००४ साली गाजलेल्या 'द मोटरसायकल डायरीज' या चित्रपटात आपल्याला भेटतो तो सहृदय वैद्यकीय विद्यार्थी. चित्रपट सुंदर आहे, खोटाही नाही. फक्त तो प्रवास संपतो तेथेच संपतो आणि ला काबान्याचा दरवाजा प्रेक्षकासाठी बंदच राहतो.

असे का होते? आम्हांस तीन कारणे दिसतात. पहिले, गव्हेरा एकोणचाळिसाव्या वर्षी मेला. फिडेल कास्त्रो नव्वदीपर्यंत जगला, त्याला राज्य चालवावे लागले, रेशनच्या रांगांचा आणि तुरुंगांचा जाब द्यावा लागला. त्याचा चेहरा कोणी इतक्या हौसेने छातीवर मिरवीत नाही. दुसरे, पराभवाला एक सौंदर्य असते. बोलिव्हियात १९५३ सालीच जमिनीचे वाटप झाले होते, त्यामुळे तेथील शेतकरी गव्हेराला येऊन मिळाले नाहीत. त्याने स्वतःच दैनंदिनीत त्याबद्दल खंत व्यक्त केली. पण पराभवाचे हे कारण भित्तिपत्रावर मावत नाही.

तिसरे कारण आपल्याशी निगडित आहे. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी ला इगेरा गावातील शाळेत कैदेत असलेल्या गव्हेराला कोणताही खटला न चालविता गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या वाट्याला आलेला हा न्याय ला काबान्यातील न्यायाहूनही निकृष्ट होता. मृतदेह वायेग्रांदेच्या रुग्णालयात धुण्याच्या ओट्यावर ठेवला गेला. उघडे डोळे, दाढी, उघडी छाती. रुग्णालयातील व्रतस्थ भगिनींना आणि गावच्या स्त्रियांना तो क्रूसावरून उतरविलेल्या प्रभूसारखा भासला. काहींनी त्याच्या केसांच्या बटा कापून जपून ठेवल्या. त्या परिसरात आजही कित्येक घरांत त्याच्यापुढे मेणबत्ती लागते. त्या गरीब बायांना आम्ही हसणार नाही. मृतदेहाविषयी त्यांना वाटलेली करुणा ख्रिस्तीच होती. पण इंग्लंडमधील ख्रिस्ती पंथांच्या जाहिरात-संस्थेने १९९९ सालच्या ईस्टरला प्रभू येशूलाच काटेरी मुकुटासह गव्हेराच्या लाल-काळ्या शैलीत रंगविले, तेव्हा गंगा उलटी वाहिली. ज्याने पेत्राला तलवार म्यानात घालावयास सांगितले, त्याची ओळख तरुणांना करून देण्यासाठी आम्हांला बंदूकधाऱ्याचा चेहरा उसना घ्यावा लागला.

येथे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. आमच्या मुलांना तो चेहरा का आवडतो? अन्याय पाहून गप्प न बसणारा माणूस त्यांना हवा असतो. लॅटिन अमेरिकेत जमीनदारांच्या पंक्तीला बसणाऱ्या काही धर्माधिकाऱ्यांत तो त्यांना दिसला नाही. १९६६ साली कोलंबियाचे फादर कामिलो तोरेस गनिमांत सामील होऊन चकमकीत मारले गेले, ते या निराशेतूनच. १९६८ साली मेदेयीन येथे तेथील बिशपांनी गरिबांची बाजू घेतली. पुढे एल साल्वादोरचे महागुरुस्वामी ऑस्कर रोमेरो यांनी सैनिकांना ठार मारण्याचे हुकूम पाळू नका असे आवाहन केले, आणि २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली ते संत घोषित झाले. गरिबांसाठी मरणे आणि गरिबांच्या नावाने मारणे यांतील अंतर या दोन चित्रांत स्पष्ट होते. रोमेरोंचे चित्र आमच्या किती घरांत आहे?

आमच्या तरुणांनी तो टी-शर्ट उतरवून टाकावा, असे फर्मान आम्ही काढणार नाही. फर्मानाने श्रद्धा जात नाही, उलट बळावते. आमचे मागणे एवढेच की घरात त्याविषयी बोलावे. आईबापांनी रागावू नये, विचारावे. आणि जे चित्र छातीवर धारण करायचे, त्याच्याविरुद्धची साक्ष एकदा तरी ऐकावी. आपल्या संतांच्या बाबतीत जी कसोटी आपण मानतो, ती क्रांतीच्या संतांनाही लावावी.

शेवटी एक प्रसंग. क्रांतीनंतर क्यूबात कॅथोलिक शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. सप्टेंबर १९६१ मध्ये शंभराहून अधिक धर्मगुरूंना एका जहाजावर चढवून देशाबाहेर पाठविण्यात आले. १९६५ साली श्रमछावण्या उघडल्या. गव्हेरा तेव्हा क्यूबा सोडून गेला होता, म्हणून त्यांचा दोष आम्ही त्याच्या माथी मारीत नाही. त्या छावणीत हाइमे ओर्तेगा नावाच्या एका तरुण धर्मगुरूला सुमारे आठ महिने डांबण्यात आले. सुटकेनंतर देश सोडून न जाता ते तेथेच राहिले आणि पुढे हवानाचे महागुरुस्वामी व कार्डिनल झाले.

२५ जानेवारी १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी हवानाच्या क्रांती चौकात मिस्सा अर्पण केली. एका इमारतीवर गव्हेराचा भव्य लोखंडी चेहरा होता. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भिंतीवर त्या दिवसापुरते येशूच्या पवित्र हृदयाचे प्रचंड चित्र लावले होते. पुढच्या रांगेत फिडेल कास्त्रो बसले होते. आणि वेदीपाशी पोपमहोदयांबरोबर एके काळी छावणीत राबलेले ओर्तेगा उभे होते. त्यांचा चेहरा कोणी टी-शर्टावर छापलेला नाही. त्यांनी सूड मागितला नाही, बंदूक उचलली नाही, फक्त आपल्या लोकांना सोडले नाही. आमच्या मुलांना आम्ही या माणसाची गोष्ट केव्हा सांगणार?