इंजिनाविना लांबचा पल्ला

उन्हाळ्याच्या दिवसांत घारी सकाळी किती वाजता घिरट्या घालू लागतात, याची नोंद आपल्यापैकी कोणी केली आहे काय? भल्या सकाळी घार पंख मारत, कष्टाने उडते. ऊन चढले की तीच घार पंख पसरून, ते जवळजवळ न हलवता, गोल फिरत उंच जाते. तिला वर नेणारी शक्ती कोणती? या साध्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता माणूस इंजिनाशिवाय शेकडो किलोमीटर उडायला शिकला.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास आपल्याच देशात झाला. अर्नेस्ट हॅन्किन हे आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, हे त्यांचे १८९६ सालचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. हेच गृहस्थ फावल्या वेळात घारी-गिधाडांकडे पाहत असत. १९१३ साली त्यांनी या निरीक्षणांचे पुस्तक प्रसिद्ध केले. सकाळी आधी हलक्या घारी तरंगू लागतात आणि जड गिधाडे त्यानंतर, हे त्यांनी टिपले. पंखांच्या क्षेत्रफळाच्या मानाने वजन कमी असेल, तर मंद प्रवाहही पुरतो. वजन जास्त असेल तर प्रवाह जोरदार होईपर्यंत थांबावे लागते. मात्र तापलेली हवा वर चढते एवढेच कारण हॅन्किन यांना पुरेसे वाटले नव्हते. ते कारण पक्के व्हायला माणसालाच हवेत जावे लागले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानांच्या बाबतीत कडक निर्बंध आले. तेव्हा तेथील तरुण वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमू लागले. उतारावर आदळून वर वळणाऱ्या वाऱ्यावर ते तासन्‌तास तरंगत; पण डोंगर सोडला की खाली यावे लागे. १९२६ साली माक्स केगेल वादळी ढगात ओढला गेला आणि ५५ किलोमीटरवर जाऊन उतरला. पुढे व्हेरिओमीटर हे उपकरण ग्लायडरमध्ये आले. आपण चढतो आहोत की उतरतो आहोत आणि किती वेगाने, हे ते दाखवते. १९२९ साली रोबेर्ट क्रोनफेल्ट याने १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. घारीला जे जाणवत होते, ते आता काट्यावर दिसू लागले.

यानंतरच्या इतिहासातला महत्त्वाचा भाग अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, ओवेन्स खोऱ्यात घडला. या खोऱ्याच्या पश्चिमेला सिएरा नेवाडा आणि पूर्वेला व्हाइट पर्वत. दोन्हींची शिखरे ४,००० मीटरच्या वर, तर बिशप गावाजवळ खोऱ्याचा तळ सुमारे १,२५० मीटरवर. पश्चिमेकडून येणारे बाष्प सिएरावरच सांडते आणि पलीकडे वाळवंट उरते. असेच नाते आपल्याकडे सह्याद्री आणि नगर जिल्हा यांचे आहे. प्रवरेच्या उगमाजवळ, रतनगडाच्या परिसरात धो धो पाऊस. तेथून शंभर किलोमीटरच्या आत, त्याच प्रवरेकाठच्या कोल्हारला मात्र त्याचा लहानसा हिस्सा.

जमीन कोरडी असली की ग्लायडरला फायदा होतो. ओल्या जमिनीवर उन्हाची बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कोरड्या जमिनीवर ती माती आणि तिच्यालगतची हवा तापवते. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी ऊस पिकू लागला. त्या उसावरून जाणाऱ्या ग्लायडरला फारसा आधार मिळणार नाही. शेजारच्या नांगरलेल्या, पडीक जमिनीवर मिळेल. ओवेन्स खोऱ्यात उलटे झाले. तेथील नदीचे पाणी १९१३ पासून लॉस एंजेलिस शहराकडे वळवले गेले आणि ओवेन्स सरोवर कोरडे पडले.

वाळवंटी डोंगरांचा आणखी एक गुण आहे. उन्हाने तापलेला ३,००० मीटर उंचीवरचा उतार आपल्यालगतची हवा तापवतो. ती त्याच उंचीवरच्या मोकळ्या हवेपेक्षा उष्ण होते आणि जोराने वर जाते. म्हणून उड्डाणाची आखणी करताना खोऱ्यातून सरळ रेषा न ओढता धारेवरून मार्ग आखतात. सकाळी ऊन सिएराच्या पूर्वेकडील उतारावर असते, म्हणून आधी तेथे. दुपारनंतर व्हाइट पर्वताचा पश्चिम उतार तापतो, तेव्हा खोरे ओलांडून तिकडे.

वेळेचे गणित वर्गातही करता येईल. समजा ग्लायडर ताशी १२० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला १ मीटर खाली येतो. १,००० मीटर उंची खर्च करून तो सुमारे १७ मिनिटांत ३३ किलोमीटर जाईल. ती उंची परत मिळवायला, प्रवाह सेकंदाला ३ मीटर चढवणारा असेल तर साडेपाच मिनिटे लागतील. १ मीटरचा असेल तर १७ मिनिटे. पहिल्या बाबतीत सरासरी वेग ताशी ९० किलोमीटर, दुसऱ्यात ६०. सात तासांच्या दिवसात हा फरक २१० किलोमीटरचा होतो! मंद प्रवाह सोडून जोरदार प्रवाहाची वाट धरावी ती यामुळेच. पुढचा प्रवाह केवढा मिळेल यावरून मधल्या तरंगण्याचा वेग ठरवण्याची सोपी रीत पॉल मॅकक्रेडी यांनी रूढ केली. ते १९५६ साली ग्लायडिंगचे जगज्जेते झाले आणि पुढे माणसाच्या स्नायूंच्या बळावर उडणारे विमान त्यांनीच बनवले.

परंतु सर्वांत महत्त्वाचे गणित उतरण्याचे आहे. चांगला ग्लायडर स्थिर हवेत १ किलोमीटर उंचीवरून ४० किलोमीटर जाऊ शकतो. हवा मात्र स्थिर नसते, म्हणून निम्मेच धरायचे. धावपट्टीपेक्षा आपण २,५०० मीटर उंच असलो, तर उतरण्याच्या फेरीसाठी ३०० मीटर राखून ठेवायचे. उरलेल्या २,२०० मीटरमध्ये ४४ किलोमीटर. नकाशावर प्रत्येक धावपट्टीभोवती अशी वर्तुळे काढायची आणि मधली डोंगरधार आडवी येत नाही ना, हे पाहायचे. दोन वर्तुळांत जेथे खिंडार राहते, तेथे पुरेशी उंची मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही. कोरड्या सरोवराचा तळ वरून सपाट दिसतो, पण त्याखाली चिखल असू शकतो. पाणी, प्राणवायू आणि खालून गाडी घेऊन येणारे सोबती यांचीही तजवीज आधीच करावी लागते.

ही सावधगिरी कशासाठी, ते याच खोऱ्यात दिसले. १९५१-५२ साली येथे सिएरा लहर प्रकल्प झाला. डोंगर ओलांडून कोसळणारा वारा पलीकडे लाटेसारखा पुन्हा उसळतो. त्या लाटेवर १९ मार्च १९५२ रोजी लॅरी एडगर आणि हॅरोल्ड क्लीफोर्थ सुमारे साडेतेरा किलोमीटर उंचीवर पोहोचले. लाटेच्या खाली मात्र हवेचा प्रचंड भोवरा फिरत असतो. २५ एप्रिल १९५५ रोजी त्याच एडगर यांचा ग्लायडर या भोवऱ्यात हवेतच मोडला. पॅराशूटमुळे ते वाचले. चढवणारी हवा आणि मोडणारी हवा एकमेकींच्या शेजारी असतात, हा धडा त्यातून मिळाला.

याच ज्ञानाच्या बळावर २००३ साली क्लाउस ओल्मान यांनी अँडीज पर्वताच्या लाटांवरून एका दिवसात ३,००९ किलोमीटरचे उड्डाण केले. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र उभे राहिले.

ग्लायडर शाळेत आणता येणार नाही. घारी मात्र शाळेवरूनच उडतात. चैत्र-वैशाखात विद्यार्थ्यांकडून महिनाभर दोन नोंदी करून घ्याव्यात: पहिली घार पंख न हलवता चढू लागली ती वेळ, आणि त्या वेळचे नांगरलेल्या रानातले व उसातले तापमान. ढगाळ दिवशी, वळवाच्या दुसऱ्या दिवशी ही वेळ किती पुढे सरकते तेही पाहावे. हॅन्किन यांच्याजवळ याहून फारशी वेगळी साधने नव्हती.