पूर्वजांचा शोध आणि पाथरीचीं दोन घराणीं

आपल्या कुळाचा मूळ पुरुष कोण, तो कोठून आला आणि त्यानें काय केलें, हा प्रश्न ज्याच्या मनांत कधींच आला नाहीं असा मनुष्य विरळा. बहुतेक घरांत ह्या प्रश्नाचें उत्तर तयारच असतें. एक पूर्वज कोणा राजाच्या पदरीं होता, त्यानें मोठा पराक्रम केला किंवा मोठी विद्वत्ता दाखविली, राजानें प्रसन्न होऊन गांव इनाम दिलें, पुढें काळ फिरला आणि गांव गेलें. एवढी कथा थोड्याफार फरकानें घरोघर ऐकूं येते. ह्या कथा सर्वस्वीं खोट्या असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यांतलें खरें कोणतें आणि आवडीनें जोडलेलें कोणतें, हें ओळखण्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो विचार करण्यास परभणी जिल्ह्यांतील पाथरीइतकें चांगलें स्थळ आमच्या माहितींत दुसरें नाहीं. कारण सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, एकाच काळीं, ह्या एका गांवाशीं दोन घराण्यांचा इतिहास जोडला गेला आहे. त्यांपैकीं एक घराणें सुलतानांचें आणि दुसरें ज्योतिष्यांचें.

पहिल्या घराण्याची हकीकत मुहम्मद कासिम फिरिश्ता ह्यानें आपल्या फारशी इतिहासांत दिली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद ह्याचा बाप मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण. त्याचें मूळचें नांव तिमाप्पा व त्याच्या बापाचें नांव भैरव. बहामनी सैन्यानें विजयानगरच्या मुलखांतून त्यास पकडून आणिलें. तो मुसलमान झाला आणि चढत चढत बहामनी राज्याच्या वजिरीपर्यंत पोंचला. ह्या घराण्याचें मूळ ठिकाण पाथरी. तेथील कुळकर्ण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे असून, त्यांचे पूर्वज कांहीं कारणानें गांव सोडून विजयानगरकडे जाऊन राहिले होते. पुढें मलिक हसनाचा नातू बुऱ्हाण निजामशहा अहमदनगरच्या गादीवर असतां पाथरीकडील भाऊबंद त्याच्याकडे आले. पाथरी त्या वेळीं वऱ्हाडच्या इमादशाहींत होती. बुऱ्हाणानें अलाउद्दीन इमादशहास लिहिलें कीं, हें आमच्या पूर्वजांचें ठिकाण आम्हांस द्यावें आणि त्याच्या बदल्यांत ह्याहून अधिक उत्पन्नाचा मुलूख घ्यावा. अलाउद्दीनानें तें मानलें नाहीं. तेव्हां १५१८ सालीं बुऱ्हाणानें पाथरी लढून घेतली. मध्यंतरीं ती परत गेली. ती त्यानें १५२७ सालीं पुन्हा घेऊन तेथील किल्ला पाडून टाकला आणि गांव आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस इनाम करून दिलें. अकबराच्या काळापर्यंत तें त्यांच्याकडे चाललें, असें फिरिश्ता म्हणतो.

पूर्वजांच्या गांवासाठीं एका सुलतानानें दोनदां लढाई करावी, आणि धर्म बदलून तीन पिढ्या लोटल्यावर तें गांव आपल्या जुन्या नातलगांच्या पदरांत घालावें, ही गोष्ट वाचतांना आपलें मन हेलावतें. वतनाची ओढ रक्तांत किती खोल जाते ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण. परंतु मन हेलावलें म्हणजे तपासणीचें काम संपलें असें नव्हे. उलट तेथेंच तें सुरू झालें पाहिजे. फिरिश्त्यानें हा इतिहास सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापुरास बसून लिहिला. म्हणजे पाथरीच्या लढाईस तेव्हां सुमारें नव्वद वर्षें झालीं होतीं. तो पूर्वीं अहमदनगरच्या दरबारांत राहिला असल्यामुळें दरबारांत चालत आलेली हकीकत त्याच्या कानांवर होती, ही त्याची जमेची बाजू. दोन राज्यांमधली लढाई आणि गांव इनाम होणें ह्या हजारों लोकांच्या डोळ्यांपुढें घडलेल्या गोष्टी. त्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. पण मूल कोणाचें, त्याचा बाप कोण आणि त्या बापाचे वाडवडील कोठले, ही साक्ष शेवटीं घराण्याची स्वतःचीच. शिवाय पाथरी गोदावरीकांठच्या काळ्या कसदार जमिनींत, दोन राज्यांच्या सरहद्दीवर होती. असें ठाणें पूर्वजांचें नसतें तरी कोणत्याही सुलतानास हवेंच झालें असतें. तेव्हां पूर्वज हें त्या लढाईचें कारण होतें कीं निमित्त होतें, हा प्रश्न चतुर वाचकानें आपल्या मनांत उघडाच ठेविला पाहिजे.

आतां दुसरें घराणें पाहूं. ह्या घराण्यांतील नागनाथाचा पुत्र ज्ञानराज ह्यानें १५०३ सालीं, म्हणजे शके १४२५ त, ‘सिद्धान्तसुन्दर’ नांवाचा ज्योतिषग्रंथ रचिला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० सालचा. त्यानंतर साडेतीन शतकांनीं सिद्धान्ताचें सर्व अंग व्यापणारा असा ग्रंथ पाथरीस निर्माण झाला, ही लहान गोष्ट नव्हे. ज्ञानराजाचे पुत्र चिंतामणि आणि सूर्यदास. चिंतामणीनें बापाच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्यदासानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि लीलावतीवर टीका केल्या. सरळ वाचलें असतां रामाची आणि उलट वाचलें असतां कृष्णाची कथा निघेल असें एक विलोमकाव्यही त्यानें रचिलें.

ह्या घराण्यानें लढाई केली नाहीं, गांव जिंकलें नाहीं. तरी सूर्यदासाचा जन्म कोणत्या सालचा हें आपणांस ठाऊक आहे. तें कशावरून? बीजगणितावरील टीका आपण शके १४६० त, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं केली, एवढें त्यानें स्वतः नमूद केलें आहे. एकतीस वजा केले कीं १५०७ हें साल हातीं येतें. लीलावतीवरील टीका शके १४६३ ची, म्हणजे १५४१ सालची. गांव कोणतें, तर गोदा आणि विदर्भा ह्यांच्या संगमाजवळचें पार्थपूर. इतक्या थोड्या शब्दांच्या आधारावर हेन्री थॉमस कोलब्रुक ह्यांनीं १८१७ सालीं लंडनास छापलेल्या आपल्या ग्रंथांत ह्या टीकाकाराचा काळ व ठिकाण नोंदविलें. पुढें शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनीं १८९६ सालच्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत ह्या घराण्याचा परामर्श घेतला. त्यांस ज्ञानराजाच्या वंशांतील, बीडकडे राहणाऱ्या एका शास्त्रीबोवांकडून घराण्याची वंशावळ मिळाली. ग्रंथांतील वाक्यें आणि घरांतील वंशावळ हे दोन निरनिराळे साक्षीदार येथें एकमेकांस ताडून पाहतां आले. त्यानंतर २०१४ सालीं अमेरिकेंत ‘सिद्धान्तसुन्दरा’चें इंग्रजी भाषांतर टोके क्नुड्सन ह्यांनीं प्रसिद्ध केलें.

ह्याही घराण्यांत राजाश्रयाची एक परंपरा आहेच. मूळ पुरुष राम हा देवगिरीच्या राजा रामचंद्राच्या पदरीं होता, असें सांगतात. रामचंद्राची कारकीर्द १२७१ पासून १३११ च्या सुमारापर्यंत. तेथून ज्ञानराजाच्या ग्रंथापर्यंत दोनशें वर्षें होतात. एका पिढीस पंचवीस ते तीस वर्षें धरलीं तर मध्यें सातआठ पिढ्या भरल्या पाहिजेत. कोणत्याही घरच्या वंशावळीस ही कसोटी लावून पाहावी. दोनशें वर्षांत जेथें तीनच नांवें सांपडतील, तेथें मधलीं नांवें गळालीं असें समजावें. पंधरा सांपडलीं तर भावांचीं नांवें बापलेकांच्या ओळींत शिरलीं असा संशय घ्यावा.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधावेंसें वाटतें. बुऱ्हाणानें पाथरी पहिल्यानें घेतली तेव्हां सूर्यदास अकरा वर्षांचा होता, आणि किल्ला पडला तेव्हां वीस वर्षांचा. सुलतानाचा आजा आपणांस दुसऱ्याच्या तोंडून कळतो. ज्योतिष्याचा मुलगा आपलें वय स्वतः सांगतो. पूर्वजांच्या शोधांत मोठेपणापेक्षां जवळिकेच्या साक्षीचें मोल अधिक असतें तें असें.

कोणी म्हणेल, ही सुलतानांची आणि पंडितांची गोष्ट झाली. आमच्या साध्या घरांत काय सांपडणार? आमचें उत्तर असें कीं, परभणीकडील साध्या घरांतही पुष्कळ सांपडतें. गांवच्या कुळकर्णी दफ्तरांत मोडी कागद असतात. निजामाच्या सरकारी कचेरींतील लिखाण पूर्वीं फारशींत आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दूंत होऊं लागलें. इनामाची चौकशी झाली असेल तर मुंतखब मिळतो, आणि त्यांत इनामदाराचे वारस क्रमानें लिहिलेले असतात. शेतजमिनीसाठीं १९५४-५५ सालचें खासरा पत्रक आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत गांववार आणि आडनांववार यात्रेकरूंचीं नांवें, बरोबर आलेल्या मुलांभावांसकट, नोंदलेलीं असतात. पुष्कळदां खालीं यात्रेकरूची सहीही असते. मात्र जिल्ह्यांच्या सीमा बदलत आल्या आहेत हें विसरूं नये. परतूर १९८१ सालीं जालन्यांत गेलें, आणि १९९९ सालीं हिंगोलीचा निराळा जिल्हा झाला. तेव्हां तिकडील घरांनीं जुनीं दफ्तरें परभणीच्या नांवाखालीं शोधलीं पाहिजेत.

वर्तमानपत्रांचीही मदत होते. हैदराबादेहून १९२० सालीं ‘निजाम विजय’ हें मराठी साप्ताहिक निघालें, आणि १९३७ सालीं आ. कृ. वाघमारे ह्यांनीं ‘मराठवाडा’ सुरू केलें. पण हीं पत्रें वाचतांना तेव्हांची परिस्थिति ध्यानांत ठेवावी लागते. संस्थानांत १९२९ सालच्या गस्ती निशाण ५३ प्रमाणें सभा भरविण्यास परवानगी लागे, आणि ‘मराठवाडा’वर वारंवार बंदी येऊन तें नांव बदलून काढावें लागे. अशा दिवसांत राजकारणाची इच्छा वाचनालयाच्या वार्षिकोत्सवांतून व साहित्यसंमेलनांतून प्रकट होई. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतुरास भरलें तें १९३७ सालीं. म्हणून आजोबांचें नांव एखाद्या वाचनालयाच्या चिटणिसांत आढळलें, तर तें क्षुल्लक समजून सोडून देऊं नये.

ह्या सर्व कागदांत साधकानें सांभाळावयाची गोष्ट म्हणजे कालगणना. एकाच घरच्या दफ्तरांत शक, फसली, हिजरी आणि इसवी हे चारही सन असूं शकतात. शकांत ७८ मिळविले आणि हैदराबादच्या फसलींत ५९० मिळविले कीं इसवी सन साधारणतः निघतो. हिजरीचें तसें नाहीं; तें वर्ष चांद्र असून सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान. हिजरी ९२४ म्हणजे इसवी १५१८. पण कोणी ९२४ त नुसते ६२२ मिळवील तर १५४६ येईल, आणि अठ्ठावीस वर्षांची, म्हणजे एका अख्ख्या पिढीची, चूक होऊन नातू आजाच्या जागीं जाऊन बसेल.

हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. २०२३ सालीं राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां ज्यांनीं जन्मांत मोडीचें पान पाहिलें नव्हतें त्यांस खापरपणजोबांच्या नांवाची एक ओळ शोधण्याची पाळी आली. त्या प्रश्नाच्या राजकारणांत आम्ही शिरत नाहीं. पण त्या निमित्तानें दोन गोष्टी सर्वांस दिसल्या. एक, हे कागद वाचणारे फार थोडे उरले आहेत. दुसरी अधिक नाजूक आहे. पूर्वजाच्या नांवापासून कांहीं लाभ असतो, मग तो सुलतानाचा मुलूख असो, वतनदाराचें इनाम असो कीं नुसता कुळाचा अभिमान असो, तेव्हां आपण आहे तो पूर्वज न शोधतां हवा तो पूर्वज शोधूं लागतों. बुऱ्हाण निजामशहाच्या बाबतींत जी शंका आपण घेतली, ती आपल्या घरच्या कथेवर घेण्याचें धैर्य असलें पाहिजे. कागदांत पणजोबा सरदार न निघतां शेतसाऱ्याच्या बाकीदारांत निघाले, तर त्यांत कमीपणा कसला? पीक बुडालेल्या सालीं बाकी राहिली आणि तरीही त्यांनीं शेत सोडलें नाहीं, मुलें जगविलीं, हें त्या एका ओळींतून कळत असेल, तर कोणत्याही कल्पित सनदेपेक्षां ती ओळ आम्ही अधिक मानूं.

शेवटीं वाचकांस एक विनंति. माळ्यावर रुमालांत बांधलेलें दफ्तर असेल तर तें रद्दींत देऊं नका. वाळवी लागण्यापूर्वीं सोडा, क्रम न मोडतां प्रत्येक पानाची छायाप्रत घ्या, आणि मोडी व उर्दू जाणणारा मनुष्य गांठा. घरांत ऐंशी वर्षांच्या आजीबाई असतील तर त्यांस माहेरचीं नांवें विचारून लिहून ठेवा. मुंतखबांत आणि वंशावळींत बायकांचीं नांवें बहुधा नसतात, तीं अशा एखाद्या आजीबाईंच्याच तोंडीं उरलेलीं असतात. आणि जें लिहाल त्याच्या खालीं सूर्यदासानें लिहिलें तसें आपलें नांव, गांव, साल आणि वय घाला. त्यानें तेवढे शब्द लिहिले म्हणून पांचशें वर्षांनीं आपण त्याच्या दाराशीं जाऊं शकलों.