जुन्या मोटारीचे आटे

जुन्या वस्तू जपण्याची हौस आपल्या घराघरांत आहे. कुणाकडे पणजीची पैठणी असते, कुणाकडे आजोबांचे किल्लीचे घड्याळ. पण जुनी स्पोर्ट्स मोटार हुडकून तिला पुन्हा चालती करणारा हौशी गृहस्थ भेटला, की आपण चटकन म्हणतो, ‘हे श्रीमंतांचे चोचले!’ या समजुतीत तथ्य आहे, पण थोडेच.

तथ्य एवढे, की यांतल्या डोळे दिपवणाऱ्या गाड्या संस्थानिकांच्या पदरी होत्या. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग एसजे जगभर गाजली. इंजिन अमेरिकेचे, तर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने घडवलेली. पुढे ती अमेरिकेला परत गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या शौकाला साध्या गाड्या लाभल्या. इंग्लंडात १९४५ ते १९४९ या काळात एम. जी. टीसी ही दोन माणसांची उघडी गाडी निघाली. एकंदर सुमारे १०,००० बनल्या. इंजिन अवघे १,२५० सीसीचे. अशा गाड्या आपल्याकडेही आल्या. पण पुढच्या दशकात परदेशी मोटारींवर निर्बंध आले. मुंबईत शिवडीला १९२८ साली निघालेला जनरल मोटर्सचा जुळणी-कारखाना १९५४ साली बंद झाला. सुटे भाग मिळेनात. मग गाडी अडली, की मालक फिटरच्या तोंडाकडे पाही, आणि फिटर आपले डोके चालवी! मूळ इंजिन निकामी झाले, तर अ‍ॅम्बॅसडरचे किंवा फियाटचे बसवले जाई.

आज अशी गाडी उघडणाऱ्याला मोठ्या गमती दिसतात. टीसीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाची चौकट असते. आपला पावसाळा तिच्या सांध्यांत शिरतो आणि लाकूड कुजते. म्हणजे मोटारीच्या दुरुस्तीला आधी बोलवायचा तो सुतार! दुसरी गंमत इंजिनात. बोल्टाच्या डोक्याला इंग्रजी पाना बसतो, पण आटे मेट्रिक असतात. कारण असे, की पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीने कॉव्हेंट्रीला कारखाना काढला होता. मॉरिसने तो १९२३ साली विकत घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची, गिऱ्हाईक मात्र इंग्रज. तेव्हा आटे तसेच ठेवून डोकी तेवढी बदलली. दोन देशांचा इतिहास एका बोल्टात बसला.

येथेच आमच्या सातपूरचा संबंध येतो. त्र्यंबक रस्त्यावरच्या या औद्योगिक वसाहतीत महिंद्र, मायको (आताची बॉश) अशा मोठ्या कारखान्यांभोवती लहान लहान लेथ-शॉप वाढली. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील तेथलेच टर्नर नि फिटर. बाजारात न मिळणारा बोल्ट हातात घेऊन, आट्यांना गेज लावून, तसाच दुसरा लेथवर काढून देणारी ही माणसे. आता संगणकावर चालणारी यंत्रे आली आहेत. हाताने आटे पाडणारे कमी होत चालले आहेत.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे, नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला मनाई. अट अशी, की सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अट योग्यच आहे. पण सुट्या भागांच्या दुष्काळात ज्या फेरफाराने गाडी जगली, तोच आज तिचा दोष ठरतो!

म्हणून हौशी मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते. मूळ इंजिन मिळाले तर जरूर बसवा. पण काढलेला भाग भंगारात घालू नका. त्याला चिठ्ठी बांधा. तो कुणी बसवला, कोणत्या साली, कशामुळे, हे वहीत लिहून ठेवा. तो फिटर हयात असेल, तर त्याला भेटा आणि सोबत एखादा शिकाऊ मुलगाही न्या. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. ती हत्यारे चालवणाऱ्या हातांचीही कुठेतरी नोंद राहायला हवी.