घरगुती ग्राफिक डिझाइन : कसाल–मालवण पट्टा

छोट्या व्यावसायिकाने दुकानाची पाटी, मालाचे लेबल, व्हिजिटिंग कार्ड, दरपत्रक किंवा व्हॉट्सॲपवरची जाहिरात मोबाइलवर वा घरच्या संगणकावर, मोफत किंवा अल्प खर्चाच्या साधनांनी स्वतः तयार करणे, म्हणजे घरगुती ग्राफिक डिझाइन. छपाई बाहेरून करून घ्यावी लागते, मजकूर आणि मांडणी मात्र घरची असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कोकम आगळ, आमसुले, मालवणी मसाला, काजूगर, आंबापोळी विकणारी कुटुंबे, बचतगट, खाणावळी आणि घरगुती निवासव्यवस्था चालवणारे यांच्यासाठी हे रोजच्या गरजेचे काम आहे.

कसाल हे कुडाळ तालुक्यातील गाव मुंबई–गोवा महामार्गावर, ओरोस या जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ आहे. मालवणकडे जाणारा एक रस्ता येथे महामार्गापासून फुटतो. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हापासून गिऱ्हाईक बाहेरगावचे होत गेले. गावातला माणूस कोणाच्या घरचा मसाला चांगला हे नावावरून ओळखतो. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ते बाटलीवरच्या कागदावरून ठरवावे लागते. म्हणूनच या पट्ट्यात डिझाइनला हौसेपेक्षा धंद्याचे महत्त्व अधिक आहे.

वाचण्याचे अंतर. घरगुती डिझाइन बहुधा चित्रापासून सुरू होते : आधी नारळीची झाडे, मग समुद्र, मग होडी, आणि उरलेल्या जागेत नाव. हा क्रम उलटा असायला हवा. प्रथम ठरवावे ते वाचणारा किती लांब असेल हे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते. पाटी वाचून गाडी वळवायला चालकाला तीन सेकंद द्यायचे, तर त्याला ती ६६ मीटरवरून, म्हणजे साधारण सव्वादोनशे फुटांवरून वाचता आली पाहिजे. एक इंच उंचीचे अक्षर तीस फुटांवरून वाचता येते, असा रस्त्यावरच्या फलकांचा ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार सात-आठ इंचांचे अक्षर लागते. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येत असल्यामुळे नऊ-दहा इंच धरलेले बरे. सहा फूट रुंद फ्लेक्सवर या मापाची एकच ओळ नीट बसते. महामार्गावरच्या खाणावळीच्या पाटीवर ‘मालवणी जेवण’ आणि बाण एवढेच असावे. थाळीचे प्रकार, मोबाइल क्रमांक, मालकाचा फोटो यांची जागा दारातल्या दुसऱ्या फलकावर. लेबल हातभर अंतरावरून वाचले जाते आणि व्हॉट्सॲपची जाहिरात तळहाताएवढ्या पडद्यावर. तेव्हा एकच चित्र तिन्ही ठिकाणी लहान-मोठे करून लावल्यास ते कुठल्याच ठिकाणी धड वाचता येत नाही.

साधने. कॅनव्हा ही २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली सेवा तयार साच्यांमुळे नवख्यांना सोयीची पडते. मोफत खात्यातून छपाईसाठी पीडीएफ मिळते. छापखान्याच्या चार रंगांतली फाईल आणि पारदर्शक पार्श्वभूमी यांना मात्र पैसे पडतात. अँड्रॉइडवरील पिक्सेललॅब हे ॲप महाराष्ट्रातल्या वाढदिवसाच्या बॅनरांनी घरोघर नेले. त्यात बाहेरचा फाँट घालता येतो आणि मांडणी ‘पीएलपी फाईल’ म्हणून दुसऱ्याला देता येते. अशा फायली फुकट फिरतात, त्यामुळे अनेक गावांतले बॅनर एकाच वळणाचे दिसतात. संगणक असेल तर रेषाचित्रासाठी इंकस्केप आणि फोटोसाठी गिंप ही दोन्ही मुक्त साधने पूर्णपणे मोफत आहेत. लोगोसाठी इंकस्केपच योग्य, कारण त्यातली आकृती कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

अक्षर. मराठी घरगुती डिझाइनमधली सर्वांत मोठी अडचण साधनांची नसून अक्षरांची आहे. जुन्या डीटीपी व्यवसायात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि तिच्यासारखे फाँट रुळलेले आहेत, तर मोबाइलवर टंकलेले मराठी युनिकोडमध्ये असते. मोबाइलवरचा मजकूर जुन्या फाँटमध्ये चिकटवला की अगम्य चिन्हे उमटतात. मग ऑपरेटर तो पुन्हा टंकतो आणि तिथेच चुका शिरतात. ज्या साधनाला देवनागरीची जुळणी कळत नाही त्यात ‘मिरची’तली पहिली वेलांटी ‘म’मागे जाऊन ‘र’ला चिकटते आणि ‘मरिची’ होते. ‘शुद्ध’ पाय मोडून पडतो. ‘कैऱ्या’, ‘सुपाऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ ही तर प्रत्येक नव्या फाँटची कसोटी समजावी. फाँट निवडण्यापूर्वी हे चार शब्द टंकून पाहिले की पुढचा मनस्ताप टळतो.

चांगले मराठी फाँट आज फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्त, बालू आणि मोदक हे फाँट खुल्या परवान्यावर दिले असून ते व्यवसायासाठी वापरायला मुभा आहे. मोदक नावासारखाच गुबगुबीत : मोठ्या नावाला शोभतो, घटक पदार्थांच्या बारीक मजकुराला चालत नाही. त्यासाठी मुक्त उत्तम. तिरो देवनागरी मराठी या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत. एका लेबलावर दोनच फाँट पुरतात. तिसरा आला की नजर भरकटते.

छपाई. खर्च वाचतो तो मापात. उदाहरणार्थ, डिजिटल छपाईच्या १३ × १९ इंची स्टिकर शीटवर साधारण १२ × १८ इंच जागा धरली, तर पावणेचार × पावणेतीन इंचांची १८ लेबले बसतात. तेच लेबल सव्वाचार × तीन इंच केले तर १६. शीटचा दर तोच, म्हणून माप आधी छापणाऱ्याला विचारून मग मांडणी करावी. शीट ‘हाफ कट’ करून मागितली की खालचा कागद अखंड राहतो आणि लेबले एकेक सोलून लावता येतात. चारही बाजूंना तीन मिलिमीटर रंग जादा सोडावा, मजकूर कडेपासून तेवढाच आत ठेवावा. कार्डाला आणि लेबलाला ३०० डीपीआय हवेत, मोठ्या फ्लेक्सला प्रत्यक्ष मापात ७२ ते १०० पुरतात. फाईल देताना अक्षरे ‘कर्व्ह’ करून पीडीएफ द्यावी, म्हणजे समोरच्याकडे फाँट नसला तरी बिघडत नाही. व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवलेली फाईल दाबली जाऊन धूसर होते. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. पडद्यावर झगमगणारा कोकमाचा लाल-जांभळा कागदावर काळपट उतरतो, त्यासाठी आधी एकच शीट काढून उन्हात नेऊन बघणे हा खात्रीचा उपाय.

हवामानाचाही विचार लागतो. चार महिन्यांच्या पावसात कागदी क्रोमो स्टिकरला बुरशी येते, आणि आगळाचा ओघळ लागला की शाई पसरते. बाटलीसाठी लॅमिनेशन केलेले व्हिनाइल थोडे महाग पडले तरी टिकते. बाहेरच्या फ्लेक्सवरचे लाल-पिवळे रंग उन्हाने आधी विटतात. नाव काळ्या वा गडद निळ्या रंगात ठेवल्यास पाटी जास्त काळ वाचता येते. फ्लेक्सची जाडीही पाहावी : १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

कायदा. खाद्यपदार्थाच्या लेबलावर पदार्थाचे नाव, प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे चिन्ह व १४ अंकी क्रमांक लागतो. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, मांसाहारी पदार्थाला तपकिरी चौकटीत त्रिकोण. सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) चटणीला तो त्रिकोणच हवा. या नोंदी इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे, मराठी त्यांच्या जोडीला घालता येते. नुसत्या मराठीवर भागेल असे समजून हजार लेबले छापणे महागात पडते. दुकानाच्या पाटीचा नियम याहून वेगळा आहे. २०२२ च्या राज्य दुरुस्तीनुसार लहानमोठ्या सर्व दुकानांची पाटी मराठी देवनागरीत हवी, आणि अन्य लिपीतले अक्षर मराठीपेक्षा मोठे असता कामा नये.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र मालावर छापण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचे नाव व चित्र समाविष्ट असून, व्यापारी वापराला केंद्र सरकारची परवानगी लागते. हापूस आणि कोकम यांना भौगोलिक मानांकन आहे, तरी त्याचे अधिकृत चिन्ह फक्त नोंदणीकृत वापरकर्त्यालाच छापता येते. इंटरनेटवरून उचललेला फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो. घरच्या अंगणात, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या पंच्यावर ठेवलेल्या आमसुलांचा स्वतः काढलेला फोटो त्याहून खरा आणि पूर्णपणे आपला.

स्थानिक वळण. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीचे गंजिफे आणि रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्धच आहेत. तयार साच्यांतली परदेशी पाने-फुले घेण्यापेक्षा या परंपरेतली रेषा लेबलावर आली तर माल कुठला हे न सांगता कळेल. मात्र ती रेषा मोबाइलवर गिरवून घेऊ नये. कलावंताकडून एकच चित्र मोबदला देऊन काढून घ्यावे, लेखी संमती घ्यावी आणि तेच वर्षानुवर्षे वापरावे. घरगुती डिझाइनमध्ये पैसा खर्चावा अशी ही एकच जागा आहे. बचतगटांना सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून ब्रँडिंग आणि विपणनासाठी ५० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते. त्यात असे काम बसवून घ्यावे.

पैसे घेण्याचा क्यूआर कोड हाही आता डिझाइनचा भाग आहे. तो गडद रंगात, पांढऱ्यावर, भोवती कोरी जागा सोडून छापावा, आणि चकाकणाऱ्या लॅमिनेशनखाली घालू नये. छापायला देण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या मोबाइलवर स्कॅन करून, नाव बरोबर येते का पाहावे. मजकूर तयार झाला की ज्याने तो लिहिलेला नाही अशा घरातल्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावा : वजन, तारीख, फोन क्रमांक आणि ऱ्हस्व-दीर्घ, या क्रमाने. मगच छपाईला होकार द्यावा.